चुना

नाव ऐकून हे हसले.
"कोरियाला जाऊन शिकून आली
आणि नाशिकरोडला येऊन चुना लावते?"
खिशातली डबी वाजवली,
पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मी हसले नाही. हसलं की
कानामागून खांद्यापर्यंत एक तार ओढली जायची.
सतारीची नव्हे, कुंपणाची.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये.
शाईचा वास, ट्यूबलाइट,
टेबलावर नोटांचा अख्खा, न कापलेला कागद
आणि त्यावर वाकलेली मी:
रेघ हलली का, रंग सांडला का, आकडा घसरला का.
पास. पास. बाद. पास.
किती लाख रुपये नजरेखालून गेले, देव जाणे,
एकानेही वर बघू दिलं नाही.

पट्टा झाला, शेक झाला, तेलं झाली.
दिंडोरी रोडच्या एका हाडवैद्याने
हनुवटी धरून अशी पिळली
की कट्टकन आवाज आला
आणि तीन दिवस घर माझ्याभोवती फिरत राहिलं.

म्हणून जेल रोडच्या त्या अठरा पायऱ्या
मी घाबरत चढले. खाली मेडिकल, वर डॉक्टर अहिरराव,
लहानखुरी पोरगी, नखं मुळापर्यंत कापलेली.
आधी जुने एक्स-रे उजेडासमोर धरले,
माझ्यासारखेच, डोळे बारीक करून.
"चुना म्हणजे काय गं?"
"ढकलणं आणि धरणं, काकू. तिकडच्या भाषेत."

ढकलणं ओळखीचं होतं.
धरणं तपासून बघायला हवं होतं.

उताणी झोपले.
केस संपतात तिथे, कवटीच्या कडेखाली
तिची बोटं येऊन थांबली.
"सोडा."
"सोडलंय की."
"नाही काकू. अजून तुम्हीच उचलून धरलंय."

पाच किलो असतं म्हणे डोकं,
एक्स्पोर्टच्या द्राक्षांची पेटी भरते तेवढं.
ही पेटी मी झोपेतही खाली ठेवली नव्हती.
खालून टपरीवरच्या स्टोव्हचा फरफर आवाज येत होता.
कधी सोडलं कळलं नाही.
एवढंच कळलं की तिने किंचित ओढलं
आणि दोन मणक्यांच्या मध्ये
वारा जाईल एवढी फट पडली.

"डावीकडे वळत नाही तुमची."
मला माहीत होतं.
डावीकडे फिलोमिना तोरणे बसायची.
एक कागद कमी भरला त्या दिवशी
तिला उठवून आत नेलं, चार तास.
कागद माझ्याच गठ्ठ्याखाली निघाला.
ती परत येऊन बसली, काही बोलली नाही.
मीही बोलले नाही. पुढची नऊ वर्षं
मी उजव्या हाताला बघून डबा खाल्ला.

हे सगळं मी छताकडे बघत सांगितलं.
अहिरराव ऐकत होती, अंगठा न हलवता.
मग म्हणाली, "असेल, काकू.
पण हा पाचवा मणका आहे.
याला त्यातलं काही माहीत नाही."
आणि हळूच, श्वास सोडताना,
तो ढकलला.

आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे.
दर वेळी जाताना विचारायची, दहापैकी किती?
मला पास आणि बाद एवढंच येतं.
पहिल्या दिवशी आठ म्हणाले होते.
शेवटच्या दिवशी बराच विचार केला.
चार. म्हणजे, साडेतीनच्या जवळचा चार.
तिने तसंच लिहिलं.

बरी झाले असं म्हणणार नाही.
ढग आले की तार अजून वाजते,
कांदा चिरताना पाट उंचावर घ्यावा लागतो.
हे विचारतात, लावला का चुना?
लावला, म्हणते.

काल बिटकोच्या चौकात रस्ता ओलांडताना
सवयीने अख्खी वळायला गेले, पायांसकट,
आणि पाय वळायच्या आधी मान वळली.
डावीकडून टेम्पो येत होता, कोबीचा.
त्याच्या मागे चष्म्याचं दुकान,
पाटीवर तारीख: स्थापना दोन हजार अकरा.

टेम्पो गेला. मी उभीच.
तोरणेबाई देवळाली गावात राहते,
चर्चच्या मागच्या गल्लीत, असं कुणीतरी म्हणालं होतं.
बस डावीकडूनच सुटते.